अप्पांची गांडुळं

अप्पांना बोलायला फार आवडायचं, आणि त्यांचे विषय असे असायचे की जेवायला बसलेल्या माणसाने घास हातातच धरून ठेवावा. ते कशेळ्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचे. सकाळी डबा घेऊन कर्जतच्या नाक्यावरून जीप पकडायची, संध्याकाळी तसंच परत यायचं, हातपाय धुऊन मागच्या अंगणात जायचं आणि दिवेलागणीला आत येऊन पानावर बसायचं. मग सुरू. आज वरच्या थरात अंडी दिसली, मोहरीएवढी, लिंबाच्या रंगाची. आज कोबीचा पाला सहा दिवसांत नाहीसा झाला. आई ताटात वालाचं बिरडं वाढत असायची, तांदळाची भाकरी तव्यावरून थेट पानात यायची, आणि अप्पा गांडुळाच्या पोटात काय काय होतं ते सांगत असायचे. हे सुरू झालं तेव्हा मी बारावीत होते. मी मान खाली घालून जेवायचे आणि मनात भलतंच काहीतरी मोजत राहायचे. बाहेर भाताच्या गिरणीचा ठकठकाट, घाटाकडे जाणाऱ्या गाडीला मागून इंजिन लागल्याचा धक्का, आणि घरात अप्पांचा आवाज. हे तिन्ही माझ्या कानांना सारखेच होते. चालू आहेत हेही जाणवायचं नाही.

ती गांडुळं अप्पांनी देशावरून आणली होती. मे महिन्याच्या सुट्टीत शेतकऱ्यांच्या कुठल्याशा शिबिराला गेले आणि परत येताना ओल्या गोणपाटात बांधलेलं एक गाठोडं एस.टी.त मांडीवर घेऊन घाट उतरून आले. आईला वाटलं, अंजीर आणलेत. गाठोडं सोडलं तर काळ्या मातीत लाल दोऱ्याचे तुकडे हलावेत तसं काहीतरी. आई दोन पावलं मागे गेली. अप्पा म्हणाले, ही आपली पावसाळ्यातली जाडी गांडुळं नव्हेत, ती खोल जातात, ही वरच्या वर राहतात आणि कचरा खातात. कशेळ्याच्या बाजाराचा शाळेच्या भिंतीला टेकलेला ढीग त्यांच्या डोळ्यांपुढे होता. बाजार उठला की उरलेला पाला, सडके टोमॅटो, केळीची सालं, सगळं तिथे पडायचं. पोरं नाकाला रुमाल लावून वर्गात बसायची आणि अप्पा फळ्यावर पचनसंस्था काढायचे. ते दोन वर्षं पंचायतीकडे अर्ज करत राहिले होते. शेवटी, कोणी उचलत नाही तर आपण उचलू, असं त्यांनी ठरवलं.

आमच्या घरामागे विटांचे तीन लांबट वाफे त्यांनी स्वतः बांधले. वर पेंढ्याचं छप्पर, तळाला काटक्या आणि नारळाच्या शेंड्या, त्यावर पेंढा, पाला, शेण, भाजीचा कचरा, आणि सगळ्यावर ओलं गोणपाट. भाजीवाल्या बायकांना त्यांनी पाला वेगळा ठेवायला लावला. बाजाराच्या दिवशी जीपच्या टपावरून दोन गोणी कचरा कर्जतला येऊ लागला, आणि जीपवाला अप्पांना गांडूळ मास्तर म्हणू लागला. ते नाव त्यांच्याआधी गावात पोचलं. कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणी काही बोलायच्या नाहीत, पण एकदा वर्गात कोणीतरी बाकावर खडूने गांडुळाचं चित्र काढून त्याला वेणी घातली होती. मी ते हाताने पुसलं आणि त्या दिवशी घरी आल्यावर अप्पांशी बोलले नाही. त्यांना ते कळलंही नसेल. ते त्या संध्याकाळी वाफ्यातून खताची पहिली ओंजळ काढून घरभर दाखवत फिरत होते. चहाच्या भुकटीसारखं काळं, सुटसुटीत. त्यांनी ते आईच्या नाकाशी धरलं. तिने भीतभीत वास घेतला आणि म्हणाली, "अहो, याला घाण वास कुठाय? मातीचा येतोय."

आमचं मागचं अंगण मुरमाचं होतं. घराच्या पायाचा राडारोडाही तिथेच पसरलेला. कुदळ मारली की ठिणगी उडायची आणि पावसाचं पाणी विहिरीच्या कठड्याला तळं करून आठ-आठ दिवस उभं राहायचं. अप्पांनी तीन वर्षं तिथे खत पसरलं. चौथ्या पावसाळ्यात तळं झालं नाही. पाणी पडलं आणि जमिनीत गेलं. आपली जाडी, देशी गांडुळं कुठून कोण जाणे आपणहून आली आणि त्यांनी जमिनीला भोकं पाडली, असं अप्पा सांगायचे. त्या जागेत आईने तोंडली लावली, अळू लावलं, पपई आली. आई तोंडलीची भाजी करताना रोज एकदा तरी म्हणायची की ही आपल्या अंगणातली. आज कर्जतच्या त्या भागात बंगल्यांना नावं असतात आणि रोपवाटिकेत गांडूळखत चकचकीत पिशवीतून मिळतं. मी साठीकडे झुकलेली बाई, अशी एक पिशवी हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचत उभी राहिले, तर दुकानातल्या मुलीला वाटलं मी तारीख बघत्येय. मी सूचना वाचत होते. तीन ओळींच्या सूचना. तेव्हा आमच्या घरात त्या कुठेही लिहिलेल्या नव्हत्या. अप्पांना लिहून ठेवायची गरज वाटली नाही, कारण ते रोज बोलतच होते.

त्या चौथ्या पावसाळ्यानंतरच्या पौषात एका सकाळी अप्पा डबा घ्यायला वाकले आणि तसेच खाली बसले. आईने हाक मारली, त्यांनी वर पाहिलं. अर्धा चेहरा तिच्याकडे पाहत होता आणि अर्धा ओघळला होता. पनवेलच्या इस्पितळात तीन आठवडे गेले. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, पण शब्द सापडत नाहीत. परत येईल का, हे विचारल्यावर त्यांनी खांदे किंचित वर केले आणि म्हणाले की घरी न्या, आवडीच्या गोष्टी डोळ्यांसमोर असू द्या, बोलत राहा त्यांच्याशी. आम्ही घरी आणलं. मागच्या खोलीत खिडकीपाशी खाट लावली, म्हणजे पडल्यापडल्या वाफे दिसतील. आणि आमचं घर शांत झालं. गिरणीचा ठकठकाट केवढा मोठा होता हे मला त्या महिन्यात कळलं.

वाफ्यांचं काम माझ्याकडे आलं. आईनेच ते माझ्याकडे दिलं. ती म्हणाली, "सुमे, ती जगली पाहिजेत. हे बोलायला लागले की पहिलं तेच विचारतील." ती देवापुढे दिवा लावताना काय बोलायची ते मला ऐकू येत नसे, पण मला वाटतं तिने मनात त्या दोघांची गाठ बांधली होती, ती जगली तर हे बरे होतील अशी. मी सकाळी कॉलेजला जाण्याआधी गोणपाट भिजवायचे, घरातला भाजीचा कचरा आणि मंडईतून मागून आणलेला पाला पसरायचे. किती पाणी, किती पाला, हे मला अंदाजाने समजत गेलं. लिंबाची सालं नकोत, मिठाचं नको, तेलकट नको, एवढं जेवताना नकळत कानांवरून गेलेलं आठवत होतं. शेणाच्या गोण्या छपराखाली रचलेल्या होत्या. त्या हिराबाईकडून यायच्या. हिराबाई कशेळ्याच्या वरच्या ठाकूरवाडीतली, बाजारात रानभाजी, कंद, करवंदं घेऊन बसायची. अप्पांचं आणि तिचं ठरलं होतं. ती शेण द्यायची आणि अप्पा तिला खत द्यायचे. दिवाळी झाली की ती माणसांसह वीटभट्टीवर जायची ती शिमग्याला परतायची, म्हणून जाण्याआधी चार महिने पुरतील इतक्या गोण्या जीपवर चढवून देत असे. ते शेण काळसर, भुसभुशीत असायचं. शेण असंच असतं असं मला वाटत होतं.

मला ते काम आवडू लागलं, हे मी आज कबूल करते, तेव्हा आईलाही सांगितलं नाही. सकाळी गोणपाट उचललं की सगळी एकदम आत सरकायची आणि फार बारीक, कागद चुरगळल्यासारखा आवाज यायचा. कालची वांग्याची देठं आज मऊ झालेली, परवाचा पाला ओळखू न येणारा. काहीतरी सडतंय असं वाटायचंच नाही. कोणीतरी मुकाट बसून घरकाम उरकतंय असं वाटायचं. मी आत येऊन अप्पांच्या खाटेवर बसायचे आणि ते जसं बोलायचे तसं बोलायचे. आज अंडी दिसली. कोबी संपला. ते डाव्या हाताने माझं मनगट धरून ऐकायचे. इतकी वर्षं ते बोलत होते तेव्हा मी ऐकलं नव्हतं, आणि आता ते ऐकत होते तेव्हा त्यांना विचारता येत नव्हतं.

माघात गोण्या संपल्या. वसंतमामा, आईचा धाकटा भाऊ, खोपोलीला कागदाच्या कारखान्यात होता. दर रविवारी तो यायचा, अप्पांची दाढी करायचा, त्यांना उचलून खुर्चीत बसवायचा. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. आम्ही दोघी बायका त्याच्यावर किती टेकलो होतो हे तो कधी बोलून दाखवत नसे. त्याने रिकाम्या गोण्या बघितल्या आणि म्हणाला की एवढंच ना, खालापूरला माझ्या मित्राचा म्हशींचा तबेला आहे, पुढच्या रविवारी बघ. पुढच्या रविवारी सकाळी तो खरोखरच टेंपो घेऊन आला. मागचं फाटक उघडून टेंपो थेट वाफ्यांजवळ, अप्पांच्या खिडकीखाली लावला. पहाटेचंच शेण होतं. मामा बाह्या सरसावून खाली उतरला आणि कौतुकाने म्हणाला, "एकदम ताजं आणलंय, ताई. वाफ निघत्येय बघ."

आई त्या वेळी खिडकीशी अप्पांना भरवत होती. आदल्या रात्रीचा भात उरला होता, तोच तिने ताक घालून मऊ केला होता. मी आणि मामा फावड्याने शेण ओढत होतो. तीन वाफे, प्रत्येकावर वीतभर थर. मामा म्हणाला, हात आखडू नको, पुढच्या वेळी टेंपो मिळेल न मिळेल. त्यावर मी पाणी मारलं आणि गोणपाट नीट दाबून झाकलं. तेवढ्यात आतून आवाज आला. तो आमच्या घरात दोन महिन्यांत कोणी ऐकला नव्हता. घोगरा, ओला, पण शब्द स्पष्ट होता.

"शिळं."

आईच्या हातातलं ताट कलंडलं. मामा फावडं टाकून आत धावला, मी चिखलाच्या पायांनी त्याच्या मागे. अप्पा खिडकीकडे तोंड करून बसले होते, ओठ थरथरत होते. पुन्हा म्हणाले, "शिळं. शिळं." मामाला हसूही आवरेना आणि रडूही. तो आईला म्हणाला, "पहिला शब्द, आणि तोही तुझ्या भाताची तक्रार. ताई, भावोजी बरे होणार गं." आई पदराने डोळे पुसत सारखी म्हणत होती की चुकलं माझं, कालचा होता भात, कळलं ना त्यांना, चव कळते म्हणजे सगळं कळतं. मामा नाक्यावर जाऊन पेढे घेऊन आला. शेजारी आले. प्रत्येक जण खाटेशी वाकून म्हणायचा, मास्तर, बोला की, आणि अप्पा प्रत्येकाला तेच सांगायचे. डावा हात खिडकीकडे जायचा. कोणीतरी म्हणालं, उजेड डोळ्यांवर येतोय वाटतं, आणि खिडकीचा एक दरवाजा लोटून घेतला. अप्पांनी डोळे मिटले. आम्हाला वाटलं, दमले.

त्या दिवसापासून आईने तिन्ही वेळा ताजा स्वयंपाक सुरू केला. सकाळी पेज, दुपारी पुन्हा भात आणि आमटी, संध्याकाळी गरम भाकरी. ती भाकरी समोर धरून सांगायची, बघा, आत्ता तव्यावरून काढली. अप्पा ताट डाव्या हाताने दूर सारायचे. "शिळं," म्हणायचे. आई आत जाऊन पुन्हा भात टाकायची. दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला चुलीशी बसून रडताना पाहिलं. वीस वर्षं रांधलं, कधी नाव ठेवलं नाही, आणि परमेश्वराने एक शब्द परत दिला तो हा; असं ती म्हणत नव्हती, पण पाठीवरून दिसत होतं. मी तिच्याजवळ बसले. मी कांदा चिरून दिला.

मंगळवारी सकाळी मी झारी घेऊन मागे गेले तर गोणपाटाच्या कडेने गांडुळं बाहेर आलेली. विटांवर, छपराच्या मेढीवर, शेकड्यांनी. एकमेकांवर चढत ती वाफ्याच्या काठापर्यंत आली होती. मला आनंद झाला. हे लिहायला मला आजही त्रास होतो, पण झाला. मला वाटलं, ताज्या शेणाने एवढी वाढलीत की मावत नाहीत. मी धावत आत गेले आणि अप्पांना म्हणाले, "अप्पा, सगळी वर आलीत. काठापर्यंत." त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी आयुष्यात पुन्हा कोणाच्या डोळ्यांत पाहिली नाही, आणि पाहावी लागू नये. त्यांनी डाव्या मुठीने खाटेची कड ठोकायला सुरुवात केली. "शिळं. शिळं. शिळं." मी हात धरायला गेले तर त्यांनी हिसडा दिला. आई भाकरी घेऊन धावत आली. मी कॉलेजला गेले.

दुपारी परत आले तेव्हा मागच्या भिंतीवर लाल मुंग्यांची जाड रांग होती. विटांवरची गांडुळं वाळून दोऱ्यासारखी चिकटली होती. मी गोणपाट उचललं. आतून वाफ तोंडावर आली, आणि एक वास. त्या वाफ्यांना चार वर्षांत कधी न आलेला वास. मी शेणात हात घातला. फणफणून तापलेल्या मुलाच्या अंगाला हात लागावा तसा तो भाजला. खाली, अगदी मधोमध, ती गोळा होऊन बसली होती, आणि बोटात घेतली की तुटत होती.

मी आईला हाक मारली. ती पदर खोचून आली, तिने फावडं उचललं. आम्ही दोघींनी ते शेण ओढून बाहेर काढलं, विहिरीचं पाणी बादल्यांनी ओतलं. पाणी ओतलं तर मेलेली तरंगून वर आली. मग वाटलं पाणी जास्त झालं, म्हणून हाताने चिखल उपसला. काय केल्याने काय होतं हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. जे सुचेल ते करत होतो, आणि कदाचित जी थोडी जगली असती तीही आमच्या हाताने मारत होतो. मध्येच मी वर पाहिलं. अप्पा खिडकीतून बघत होते. मान एका बाजूला कललेली, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आलेली, आणि डोळे माझ्या हातांवर. मला ते सहन झालं नाही. मी उठले आणि बाहेरून खिडकीचे दोन्ही दरवाजे लावून घेतले. त्यांना दिसू नये, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला त्यांचे डोळे नको होते.

आतून लाकडावर थापा ऐकू आल्या. जोराच्या नव्हत्या. डाव्या हाताच्या, थांबून थांबून. आई फावडं मारत राहिली. थोड्या वेळाने थापा थांबल्या तेव्हा आईने फावडं खाली ठेवलं, चिखलाच्या हाताने खिडकी उघडली आणि तशीच तिथे उभी राहिली. ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

शिमग्याच्या चार दिवस आधी हिराबाई आली. भट्टीवरून परतल्यावर बाजारात तिला कळलं होतं की मास्तर पडले. डोक्यावर एक गोणी, हातात पानांत बांधलेला पुडा. आधी ती अप्पांपाशी गेली. त्यांचे पाय दाबत बराच वेळ बसली. अप्पा तिच्याकडे पाहत होते. वाफे गेले त्या दिवसापासून ते गप्पच होते. मग ती मागे आली आणि तिन्ही रिकाम्या वाफ्यांसमोर उकिडवी बसली. मी तिला झालेलं सांगितलं. मामाचा टेंपो, वीतभर थर, मुंग्या. ती ऐकत होती आणि मातीत बोट फिरवत होती.

"ताजं टाकलं व्हय," ती म्हणाली. "ताज्यानं उष्णता व्हते, बाय. मास्तर मला सांगून ठेवायचं, हिरे, पंधरा रोज सावलीला पसर, वरनं पानी मार, गार झालं का मगच भर गोनीत. माज्या आंगनातच शिळं व्हयाचं त्ये. शिळंच लागतं त्यास्नी."

आई वाफ्याच्या काठावर बसली. गिरणी चालू होती. हिराबाईला आमच्या घरात काय घडलं होतं ते ठाऊक नव्हतं, तिला वाटलं आम्ही गांडुळांसाठी गप्प झालो. तिने पानांचा पुडा सोडला. आत ओल्या खतात लाल गांडुळं होती, ओंजळभर, जिवंत. अप्पांनी तिला पहिल्या वर्षी दिलेल्या खतातून तिच्या अंगणात वाढलेली. ती म्हणाली की ही घ्या, शेण मी गार करून आणलंय, पावसापर्यंत पुन्ना व्हतील पयल्यासारकी. आईने त्या ओंजळीकडे पाहिलं. मला वाटत होतं, घे, घे. आई म्हणाली, "नको गं हिराबाई. मला आता एकाच जिवाचं पुरेसं होतंय. आणखी एवढे जीव माझ्या हातात नको देऊस." हिराबाई तिला समजवायला गेली नाही. तिने पुडा पुन्हा बांधला आणि पाण्याचा हात मारून पदराखाली धरला.

ती जीपला गेल्यावर मी अप्पांच्या खोलीत गेले. नखांत अजून त्या दिवसाची काळी माती होती, निघत नव्हती. मी खाटेशी खाली बसले, म्हणजे त्यांना मान वळवावी लागणार नाही, आणि म्हणाले, "अप्पा, शिळं शेण. कळलं मला. तुम्ही शेणाचं सांगत होतात." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला काय हवं होतं कोण जाणे. त्यांनी मान हलवावी, किंवा तो शब्द एकदा म्हणावा, किंवा रागाने हात तरी झटकावा. त्यांनी माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ मी तशीच बसून राहिले. हात काढून घ्यायचा की नाही, तेही मला कळत नव्हतं.

अप्पा त्यानंतर तीन वर्षं होते. तो शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा आला नाही, दुसराही कुठला आला नाही. मामाने खूप प्रयत्न केले. अंगणातली माती काही वर्षं चांगली राहिली, तोंडलीचा वेल येत राहिला, पण वर घालायला खत नव्हतं आणि मुरूम हळूहळू पुन्हा वर आला. कशेळ्याला शाळेच्या भिंतीशी ढीग परत उभा राहिला, अप्पांच्या दुप्पट उंचीचा झाला असं जीपवाला सांगायचा. वसंतमामाला शेणाचं खरं काय ते आम्ही कधीच सांगितलं नाही. तो शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत राहिला की भावोजींचा पहिला शब्द माझ्यासमोर निघाला.

आणि आई तिन्ही वेळा ताजं रांधत राहिली. मी तिला त्या संध्याकाळीच म्हटलं होतं, आई, तुझ्या भाताला नव्हते ते म्हणत, तू ऐकलंस ना हिराबाईने काय सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप थांबवलं नाही. "ऐकलं गं," ती म्हणाली. "पण त्या दिवशी भातही शिळाच होता."